चारजण

माझ्या भावाने माझ्या स्वयंपाकाला आयुष्यात कधी बरं म्हटलेलं नाही. मीठ जास्त, मीठ कमी, कांदा करपलाय, चहात साखर घातलीस की नुसती दाखवलीस. बावन्न वर्षांचा घोडा झाला, पण जेवायला बसला की नाक मुरडल्याशिवाय घास उतरत नाही. म्हणूनच त्या मंगळवारी त्याने सूपची वाटी चाटूनपुसून संपवली आणि "छान झालंय गं ताई" म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी अजून चमचाही लावला नव्हता. लावला. मीठ घालायचंच राहिलं होतं.

"काय छान झालंय?" मी विचारलं.

"सूप."

"आणि त्यात मीठ कुठेय?"

तो वाटीत बघत राहिला. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या जिन्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. पण त्याचा चेहरा बघून माझा आवाज खाली आला. तो म्हणाला, "मला काही लागत नाही ताई. तीन महिने झाले. वास नाही, चव नाही. दूध नासलेलं असलं तरी कळत नाही."

मी चमचा खाली ठेवला. कारण माझा भाऊ बारमन आहे.

आम्ही दोघंच राहतो. मी शिवणकाम करते, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पडदे, शाळेचे गणवेश. तो सत्तावीस वर्षं एका छोट्या हॉटेलच्या बारमध्ये काउंटरमागे उभा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला ताप आला, दोन आठवडे अंथरुणाला खिळला, उठला तेव्हा अर्धा झाला होता. हॉटेलात तेव्हा रंगकाम चालू होतं, म्हणून मालकांनी सांगितलं, आराम कर. मध्यंतरी काउंटरवर एका नव्या बाईला ठेवलं. आणि आता निरोप आला होता: पुढच्या शनिवारी ये, तुझ्या हातचा चारजण पाज, मग बघू. जमलं तर काउंटर परत त्याचा. नाहीतर खाली गोदामात बसून खोकी लावायची.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल म्हणाले. किंवा नाही येणार म्हणाले."

"आणि हे तू तीन महिने पोटात ठेवलंस? माझ्यापासून?"

"तू ओरडशील म्हणून."

मी ओरडले. मग आत जाऊन रडले. मग बाहेर येऊन त्याला म्हटलं, "ऊठ. चारजण कसा करतात ते मला दाखव."

आता चारजण म्हणजे काय ते सांगते, कारण तोवर मलाही धड माहीत नव्हतं. एका उंच ग्लासात चार पांढऱ्या दारू: व्होडका, जिन, रम आणि टकिला. त्यात संत्र्याची गोड दारू थोडी, लिंबाचा रस, साखरेचा पाक, भरपूर बर्फ, आणि वरून कोला, रंग चहासारखा होईपर्यंतच. दिसायला चहा आणि आत चार पैलवान. नाव गिऱ्हाइकांनी पाडलं. भावाचं म्हणणं, चार जण एका खोलीत बसलेत आणि कुणाचाच आवाज चढलेला नाही, तेव्हा तो खरा चारजण. एकाचाही आवाज ऐकू आला की फसला. आणि हॉटेलात नियम होता, कुणालाही दुसरा मिळणार नाही.

दारू ओतायला त्याला माप लागत नाही. बाटलीच्या तोंडाला स्टीलची चोच बसवतो, बाटली उलटी करतो आणि मनात आकडे मोजतो. तीनला हात सरळ. तो हात तापाने गेला नव्हता. अडचण लिंबाची होती. लिंबू रोज वेगळं असतं, आज आंबट, उद्या नुसतंच पाणचट, त्यामुळे पाक किती घालायचा हे मोजून ठरत नाही. त्यासाठी तो कोला घालायच्या आधी ग्लासात स्ट्रॉ बुडवतो, वरच्या टोकावर बोट दाबतो, दोन थेंब वर येतात ते जिभेवर सोडतो. सत्तावीस वर्षं त्याने प्रत्येक ग्लास असाच सोडलाय. आता ते दोन थेंब त्याला काहीच सांगत नव्हते.

"मग ते थेंब मला दे," मी म्हटलं.

"तू कधी बिअरसुद्धा प्यायली नाहीस."

"मग बरंच आहे. माझी जीभ कोरी आहे."

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता मी मशीन झाकून ठेवायची आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. तो ओतायचा, ढवळायचा, स्ट्रॉ माझ्यापुढे धरायचा. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी त्याला चार शिव्या दिल्या. त्याने शांतपणे विचारलं, "आंबट की गोड?"

"आंबट."

"किती?"

आता किती म्हणजे काय सांगू? थोडं म्हटलं तर तो म्हणे थोडं म्हणजे किती, बरंच म्हटलं तर बरंच म्हणजे किती. तीन ग्लास मोरीत गेले. माझं डोकं फिरलं. मी चिडून म्हटलं, "अरे, काखेत ओढतंय. बाही चढते, पण हात वर केला की ओढतंय."

तो थांबला. त्याने लहानपणापासून मला हेच बोलताना ऐकलंय, माझ्या ट्रायलच्या वेळी आरसा धरून तोच उभा राहायचा. काखेत किती ओढलं की किती सोडायचं, हे त्याला मापाची टेप न लावता कळतं. त्याने पाकाची बाटली उचलली, एक मोजलं, हात सरळ केला. "आता?"

मी चाखलं. "आता बसलं."

तिथून आमची गाडी रुळावर आली. बाही चढते पण ओढतंय, म्हणजे पाक एक आकडा. हात वरच होत नाही, म्हणजे दोन. कमरेत झोळ पडलाय, म्हणजे फार गोड, लिंबू पिळ. कॉलर टोचतेय, म्हणजे कुणीतरी एक दारू डोकं वर काढतेय, बहुतेक टकिला. मी चाखून थेंब थुंकून टाकायची, चूळ भरायची, तरी कधी कधी गाल गरम व्हायचे आणि मी विनाकारण हसायची. तोही हसायचा. आजारपणानंतर त्याला इतकं हसताना मी पाहिलंच नव्हतं. खरं सांगते, ते पाच वाजायची मी सकाळपासून वाट बघायला लागले होते. चारदा मशीनवरून घड्याळाकडे मान वळायची.

हातात पूर्वीचं बळ यावं म्हणून तो दिवसा नुसत्या पाण्यावर सराव करायचा. हॉटेलातल्या रिकाम्या बाटल्या होत्या, लेबलं तीच, त्यांत पाणी भरून ठेवलेलं. पाण्याच्या चार, खऱ्या चार. घोटाळा नको म्हणून पाण्याच्या बाटल्यांच्या गळ्यात मी लाल दोरा बांधला. शिंप्याच्या घरात दोऱ्याला काय कमी.

तर दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनला बोलावलं. निवृत्त माणूस, पण अजून सगळे पोस्टमनच म्हणतात. भावाचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याला काही सांगायचं नाही, फक्त पाजायचं आणि तोंड बघायचं असं ठरलं. पाहुणा येणार म्हणून मी सकाळीच आठही बाटल्या टेबलावर मांडून लख्ख पुसल्या. दोरे भिजून फिके पडले होते, ते काढून टाकले आणि नवे बांधले.

संध्याकाळी भावाने ओतलं. मी त्या दिवशी पोस्टमनसमोर खोकल्याचं नाटक करून भावाने दिलेली स्ट्रॉ घेऊन मोरीपाशी गेले आणि चाखलं. काय सांगू, इतका सुरेख कधीच झाला नव्हता. कुठे ओढ नाही, टोचणं नाही, मऊसूत. मी भावाला डोळ्याने खूण केली, की आज जमलंय. त्याची छाती दोन इंच फुगली.

पोस्टमनने पहिला घोट घेतला, क्षणभर ग्लासाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भाऊ हातातला कपडा पिळत त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मस्त," पोस्टमन म्हणाला. "तोच हात." आणि हळूहळू सगळा ग्लास संपवला, माझ्या पडद्यांचं कौतुक केलं, भावाच्या खांद्यावर थोपटलं आणि घरी गेला.

माझा जीव भांड्यात पडला. पण भाऊ दारातच उभा होता.

"ताई, कुत्रा आला नाही."

"कुठला कुत्रा?"

"त्याला नोकरीत एक कुत्रा चावला होता. चारजण अर्धा झाला की तो कुत्र्याची गोष्ट सांगतो. वीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. आज ग्लास संपला आणि कुत्र्याचं नावसुद्धा निघालं नाही."

तो टेबलापाशी आला. व्होडकाच्या बाटलीतले दोन थेंब मनगटावर घेतले, चोळले, फुंकर मारली. दारू लगेच उडते, गार लागते. मनगट ओलंच राहिलं. मग जिनची बाटली. मनगट पुन्हा ओलंच. रम आणि टकिला तेवढ्या खऱ्या होत्या. मी सकाळी पुसताना दोरे बांधले ते व्होडका आणि जिनच्या पाण्याच्या बाटल्यांऐवजी खऱ्या बाटल्यांना बांधले होते.

मी कपाळाला हात लावला. चव न लागणारा बारमन आणि दारू न ओळखणारी त्याची बहीण, दोघांनी मिळून वीस वर्षं जुन्या गिऱ्हाइकाला निम्मं पाणी पाजलं, वर मी त्यालाच सुरेख म्हटलं. दुसरं कुणी असतं तर मी पोट धरून हसले असते. पण भाऊ खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला.

"माझी चूक आहे रे," मी म्हटलं. मला अशी वाक्यं सहसा जमत नाहीत. "दोरे मी बांधले. तुझ्या हाताचं काही चुकलं नाही."

"दोऱ्याचं नाही गं. उलटं झालं असतं तर? पाण्याऐवजी दुप्पट दारू गेली असती, त्याच्या वयाला? माझ्या हातून काय जातंय ते मलाच माहीत नाही." त्याने बाटलीला बूच लावलं. "मी मालकांना खरं सांगणार."

मी भडकले. इतके दिवस जीव तोडून शिकले ते काय हे ऐकायला? मी त्याला माझी योजना सांगितली, शनिवारी मीही येते, स्टुलावर बसते, पाणी प्यायचं निमित्त करून चाखते, आंबट असेल तर एकदा खोकते, गोड असेल तर दोनदा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आणि सोमवारी? रोज खोकायला येशील?"

मी दार आपटून आत गेले.

शुक्रवारी जिन्यात पोस्टमन भेटला. मी सरळ विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना, पाणी होतं ते?"

"पहिल्याच घोटाला," तो म्हणाला. "पण टेलरबाई, तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, की मला दुसरं काही बोलवेना."

त्यानंतर दिवसभर मी मशीनवर बसले खरी, पण एका पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला.

शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही हॉटेलात गेलो. मला त्याने स्वतःच सांगितलं, "ताई, तू चल. खोकायला नको, नुसती चल." बार बंद होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, कापलेल्या लिंबांचा वास भरून राहिलेला. मला तो वास आला आणि त्याला येत नाही हे आठवून मला कसंतरीच झालं. मालक एकटेच एका स्टुलावर बसले होते, म्हातारे, काठी काउंटरला टेकवलेली. काउंटरमागे ती नवी बाई लिंबं कापत होती. तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले.

"हं, ये," मालक म्हणाले. "तोंड वाळलंय माझं."

"साहेब, आधी एक सांगायचंय."

मी मागून त्याची बाही ओढली. त्याने माझा हात हळूच सोडवला आणि सगळं सांगितलं. ताप, चव, माझी जीभ, गुरुवारचं पाणी. काही लपवलं नाही. पोस्टमनचा कुत्रा आला नाही, हेही सांगितलं. मालक त्या जागी जरासे हसले, आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

"खरं सांगितलंस ते चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण मग काउंटरवर कसा उभा करू तुला? गोदाम बघ. पगार कापणार नाही."

"बरं," भाऊ म्हणाला.

एवढंच. सत्तावीस वर्षं आणि बरं. माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली होती, सगळी कडक. पण मी तोंड उघडायच्या आत ती बाई म्हणाली, "साहेब, चारजण माझा रोज वेगळा होतो. लोक एक घोट घेतात आणि विचारतात, ते कधी येणार. मला चव कळते हो, पण हात बसला नाही. यांना एकदा करू द्या. मी चाखते."

मालकांनी खांदे उडवले. ती बाजूला सरकली. भाऊ काउंटरमागे गेला, हात धुतले, बाटल्यांची बुचं काढून चोची बसवल्या. पहिली बाटली उलटी झाली आणि तो हात मी ओळखला. एक, दोन, तीन, सरळ. चार वेळा. संत्र्याचं थोडं. लिंबू. पाक. बर्फ. ढवळलं. त्याने स्ट्रॉ बुडवली, बोट दाबलं आणि तिच्यापुढे धरली.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. नऊ दिवस ती स्ट्रॉ माझ्याकडे आली होती.

तिने चाखलं. विचार केला. "थोडं आंबट आहे."

भावाने पाकाची बाटली उचलली. आणि तसाच उभा राहिला.

"थोडं म्हणजे किती?" त्याने विचारलं.

"थोडं म्हणजे... थोडंच."

त्याचा हात हवेत होता. मालक बघत होते. तो हात मी इतकी वर्षं बघतेय, कधी अडलेला पाहिला नव्हता. मी स्टुलावरून उतरले आणि काउंटरला वळसा घालून सरळ मागे गेले. कुणी अडवलं नाही, अडवलं असतं तर माझ्याशी गाठ होती.

"इकडे ये बाळ," मी त्या बाईला म्हटलं. तिच्या शर्टाची बाही काखेपाशी चिमटीत धरून जराशी घट्ट केली. "आता हात वर कर."

तिने केला.

"ओढतंय?"

"हो."

"पण वर जातोय."

"जातोय."

मी चिमूट आणखी आवळली. "आता?"

"आता जातच नाही."

"बरं. आता पुन्हा चाख, आणि सांग, यातलं कुठलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भावाकडे. तिने नवी स्ट्रॉ घेतली, दोन थेंब जिभेवर सोडले आणि डोळे मिटले. बोलताना तिने स्वतःचा उजवा हात अर्धवट उचलला होता.

"वर जातोय," ती म्हणाली. "पण ओढतंय."

भावाने बाटली उलटी केली. एक. सरळ. पुन्हा ढवळलं, पुन्हा स्ट्रॉ तिच्यापुढे. तिने चाखलं आणि उचललेला हात खाली सोडला.

"बसलं," ती म्हणाली.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

कोला वरून गेला, रंग चहाचा झाला, ग्लास मालकांसमोर आला. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. काठी हातात घेतली, पुन्हा ठेवून दिली. "दोघं या सोमवारी," ते भावाकडे आणि त्या बाईकडे बघून म्हणाले. "वेळेवर." आणि उरलेला ग्लास सावकाश पीत बसले.

भाऊ माझ्याकडे पाठ करून बाटल्या पुसायला लागला. त्या आधीच स्वच्छ होत्या. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तिला कमरेतला झोळ पण दाखवशील ना? आणि कॉलर?"

"दाखवते," मी म्हटलं. त्या पोरीसमोर मला रडायचं नव्हतं. मी खिशातून टेप काढली आणि तिला म्हटलं, "सरळ उभी राहा."